पंडिता रमाबाई : उतारवयातली विद्यार्थिनी

पंडिता रमाबाई आपल्याला पहिल्यांदा भेटतात त्या शाळेच्या पुस्तकात, आणि तिथे त्या कायम तरुण असतात. कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी वीस वर्षांची मुलगी. हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष देणारी चोवीस वर्षांची विधवा. मुंबईत शारदा सदन काढणारी तिशीतली बाई. धडा इथे संपतो, खाली स्वाध्याय येतो आणि आपण पान उलटतो. पण रमाबाई त्यानंतर तेहतीस वर्षं जगल्या. त्यातली शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी एका अशा अभ्यासात घालवली, ज्याची सुरुवात त्यांना अक्षरओळखीपासून करावी लागली. उतारवयातल्या शिक्षणावर लिहायचं ठरलं तेव्हा मला हीच वर्षं आठवली. मित्रमैत्रिणींनो, पुस्तकातला धडा जिथे संपतो तिथून पुढे आपण जरा चालून बघू.

रमाबाई निवडण्याचं अजून एक कारण आहे. मी बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या संतपूरची. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. घरची भाषा मराठी, आजूबाजूची कन्नड. त्यामुळे मला त्या नेहमीच आमच्याकडच्या वाटतात. पुढे त्यांचं काम आमच्या शेजारच्या गुलबर्ग्यापर्यंतही आलं. ते ओघात येईलच.

रमाबाईंच्या घरात शिकणं हाच मुळी बंडाचा विषय होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थी असताना पुण्यात त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत शिकू शकते हे त्यांनी तिथे पाहिलं आणि ते त्यांच्या मनात रुतून बसलं. पहिल्या बायकोला शिकवायचा प्रयत्न घरच्यांच्या विरोधात वाया गेला. दुसरी बायको लक्ष्मीबाई वयाने खूप लहान होती. तिला मात्र त्यांनी शिकवलंच. त्यासाठी धर्मसभेपुढे शास्त्राधार मांडावे लागले, लोकांपासून लांब रानात राहावं लागलं. रमाबाई जन्मल्या तेव्हा शास्त्रीबुवा साठीला आलेले. म्हातारपणी धाकट्या मुलीला शिकवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, म्हणून आईने पहाटे उठून तिला भागवत पाठ करून घेतलं. म्हणजे बायकोला शिकवलं नवऱ्याने, आणि तेच शिकणं मुलीपर्यंत पोचवलं बायकोने.

पुढची कथा तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपाशीपोटी गेले. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, पायी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर लग्न केलं, मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. चोविशी गाठायच्या आत तिने एवढं सगळं पाहिलं होतं.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्री धर्मनीति लिहिलं आणि इंग्रजी शिकायला लागल्या. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण डॉक्टरकी मात्र हुकली, कारण त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. ही गोष्ट आपल्या धड्यात नसते. ऐन पंचविशीत ज्या बाईचे कान साथ सोडत होते, तिने पुढे आयुष्यभर नव्या नव्या भाषा शिकल्या. वय झालं, आता कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, काय शिकणार, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्या बोलण्यासमोर मला रमाबाई उभ्या दिसतात.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. गेल्या थोड्या दिवसांसाठी आणि राहिल्या दोन वर्षांहून जास्त. तिथे त्यांनी फ्रोबेलच्या बालवाडीची पद्धत शिकून घेतली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. आठव्या वर्षी विधवा झालेल्या गोदूबाई विशीत पोचल्यावर पाटी घेऊन बसल्या. त्या काळाच्या हिशेबाने विशीतली विधवा शिकायला लागणं म्हणजे आज आजीने शाळेत नाव घालण्यासारखंच. याच गोदूबाई पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्वेही रमाबाईंसारखे १८५८ च्या एप्रिलमधलेच, त्यांच्याहून फक्त पाच दिवसांनी मोठे. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या बायकांसाठी बार्तिमी सदन होतं. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या आंधळ्या भिकाऱ्याचं हे नाव. तिथे बायका ब्रेल वाचायला आणि टोपल्या विणायला शिकत. एवढा पसारा सांभाळणाऱ्या बाईने चाळिशी ओलांडल्यावर, आता माझं शिकून झालं, मी शिकवते, असं म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं.

पण पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाईंनी सगळं बायबल मराठीत नव्याने आणायचं मनावर घेतलं. मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. शंभर वर्षांपूर्वी सेरामपूरला कॅरीच्या काळात ते काम सुरू झालेलं आणि नंतर त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. रमाबाईंची अडचण निराळी होती. त्या मराठीत संस्कृत शब्दांची गर्दी आहे, आणि दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरं जुळवायला शिकलेल्या बायकांना ती कळत नाही, असं त्यांना दिसत होतं. शिवाय संस्कृत शब्द आपल्या मागून जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ ओढून आणतात, हे संस्कृत कोळून प्यायलेल्या रमाबाईंइतकं कोणाला कळणार? मग त्यांनी ठरवलं की इंग्रजीवरून भाषांतर करायचं नाही, मुळातूनच करायचं. जुना करार इब्री भाषेतून, नवा करार ग्रीकमधून. म्हणजे आधी दोन्ही भाषा शिकणं आलं.

इब्री उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षरं बावीस, आणि ती सगळी व्यंजनं. स्वरांसाठी अक्षराच्या खाली-वर-पोटात ठिपके आणि बारीक रेघा. बिदरच्या चौबाऱ्याजवळ उर्दू पाट्या पाहत मोठं झालेल्या आमच्यासारख्यांना उजवीकडून वाचणं नवलाचं नाही. पण ज्या बाईचं बालपण संस्कृत श्लोक पाठ करण्यात गेलं, तिच्यासाठी हे सगळंच उलटं होतं. क्रियापदाची घडण वेगळी, काळाची कल्पना वेगळी. रमाबाई कोश आणि व्याकरणं समोर घेऊन बसल्या. दिवसभर मुक्तीचा कारभार, आणि त्यातून काढलेल्या वेळात हा अभ्यास.

मला या अभ्यासातली सगळ्यात अवघड गोष्ट इब्री वाटत नाही. अवघड होतं ते संस्कृत बाजूला ठेवणं. ज्या भाषेच्या जोरावर त्यांना पंडिता ही पदवी मिळाली, चेल्टनमच्या कॉलेजात ज्या भाषेच्या त्या शिक्षिका होत्या, तीच भाषा आता त्यांना आपल्या लेखणीत शिरू द्यायची नव्हती. सुंदर, भारदस्त शब्द आपोआप सुचत असणार, आणि तो खोडून एखाद्या खेडवळ बाईच्या तोंडचा शब्द शोधायचा. तरुण माणूस शिकतो तेव्हा रिकाम्या कोनाड्यात वस्तू मांडतो. मोठ्या वयाच्या माणसाला आधी कोनाडे रिकामे करावे लागतात, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूने त्याला कधी ना कधी मान मिळवून दिलेला असतो. उतारवयात शिकायला बुद्धी कमी पडते असं लोक म्हणतात. मला वाटतं बुद्धी पुरते. कमी पडते ती पुन्हा खालच्या बाकावर बसायची तयारी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, आमच्या घरातच पाहिलं. माझ्या आजोबांनी नोकरीची सगळी वर्षं महाराष्ट्रात काढली आणि रिटायर झाल्यावर ते संतपूरला परतले. त्यांची शाळा मराठी. १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. त्यामुळे शेताची पहाणी येते ती कन्नडमध्ये. आजोबा कन्नड झकास बोलतात, पण वाचता येत नव्हतं. स्वतःच्या शेताचा कागद घेऊन कोणातरी पोराच्या मागे लागायचं, हे त्यांना फार लागायचं. शेवटी त्यांनी माझ्या धाकट्या भावाचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेतलं आणि कित्येक दिवस ते पेपरच्या आत लपवून वाचलं. पाहुणे आले की पेपर मिटायचे.

त्यांना अडचण अक्षरांची नव्हतीच. कन्नडची वर्णमाला आपल्यासारखीच अ आ इ ई ने चालते. डोक्यावर सलग रेघ नाही, जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि ए-ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. दोनेक महिन्यांत एवढं सगळं त्यांना जमलं. जमायला वेळ लागला तो पुस्तक पेपरबाहेर काढायला. एकदा पहाणीवर आपलं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं, आणि त्या दिवसापासून पुस्तक उघड्यावर आलं. आता ते बसची पाटी मोठ्याने वाचतात, कोणी विचारलं नसलं तरी.

आता पुन्हा केडगावला. रमाबाईंच्या कामाची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. त्या एकट्या शिकत नव्हत्या. मजकूर तयार होत गेला तसा तो मुक्तीच्याच छापखान्यात जात होता, आणि खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पानं बांधणाऱ्या सगळ्या बायका तिथल्याच. ज्यांना कोणी कधी हातात पाटी दिली नव्हती, त्यांनी एकेक शिशाचं अक्षर उचलून आख्खा ग्रंथ जुळवला. खिळे जुळवणारीला अक्षर उलटं वाचावं लागतं. म्हणजे इथे बाईसाहेब उलट्या दिशेने इब्री वाचतायत आणि तिथे त्यांच्या मुली उलटी मराठी वाचतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

याच वर्षांत त्यांचं काम आमच्या भागात आलं. १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, त्यांनी ख्रिस्ती शाळा सुरू केली आणि मनोरमाबाई तिच्या मुख्य झाल्या. केडगाव आणि कलबुर्गी एकाच रेल्वे रुळावर आहेत. पुण्याहून दौंड, सोलापूर करत वाडीकडे जाणारी गाडी आजही दोन्ही स्टेशनांवरून जाते. आमच्या भागात मुलींचं शिकणं दुर्मीळ होतं, त्या काळात मायलेकींनी इथवर यायचं ठरवलं, ही गोष्ट आमच्याकडच्या फारच थोड्या लोकांना माहीत आहे.

१९२० नंतर रमाबाईंची तब्येत ढासळायला लागली. मुक्तीचा कारभार त्यांनी मनोरमावर सोपवायचं ठरवलं. पण १९२१ च्या जुलैत मनोरमाच गेली, चाळिसाव्या वर्षी. ज्या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे आधीच पोचवले होते, तिने आता एकुलती एक लेकही पोचवली. यानंतर कोणी अभ्यासाची पुस्तकं मिटली असती तर ते समजण्यासारखं होतं. रमाबाईंनी मिटली नाहीत. भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं, आणि ते हातावेगळं झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. चौसष्टावं वर्ष पुरं व्हायला अठरा दिवस कमी होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रमाबाईंचं बायबल फारसं चाललं नाही. चर्चमध्ये दुसरी भाषांतरं रुळली. मी कॅथलिक आहे, आमच्या मिस्सेत वाचतात ते भाषांतर वेगळं. त्यांच्या मराठीत ओघ नाही, मुळाला फार धरून राहिल्यामुळे वाक्यं अडखळतात, असा आक्षेप घेतला गेला, आणि साहित्याची विद्यार्थिनी म्हणून तो मला पूर्ण खोडून काढता येत नाही. मग अठरा वर्षं फुकट गेली का? आपण शिक्षणाला नेहमी हा प्रश्न विचारतो. शिकून काय मिळालं, नोकरी लागली का, पगार किती. साठी उलटलेल्या माणसाला तर हाच प्रश्न आधी विचारतात, कारण आता नोकरी लागणार नसते. रमाबाईंच्या अभ्यासाला या हिशेबात जागा नाही. पण केडगावच्या छापखान्यात ज्या बायकांच्या हातून तो ग्रंथ गेला त्या वाचत्या झाल्या, लिहित्या झाल्या, कमावत्या झाल्या. आणि आपली बाई या वयात अजून शिकतेय, चुकतेय, खोडतेय, हे त्या रोज बघत होत्या. हे कुठल्या पुस्तकाच्या खपात मोजता येत नाही.

त्यांच्याच आठवड्यात जन्मलेल्या कर्व्यांचं उत्तरायुष्यही असंच. १९१४ ला फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापून त्यासाठी वर्गणी गोळा करत फिरले. १९६२ मध्ये, एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले. ज्याला आपण निवृत्ती म्हणतो ती या दोघांच्या आयुष्यात कामाची अदलाबदल होती.

बाहेरच्या जगाने ही गोष्ट उशिरा ओळखली. फ्रान्समधल्या तुलूझला १९७३ मध्ये निवृत्त लोकांसाठी विद्यापीठातच वर्ग सुरू झाले, आणि तिथून तिसऱ्या वयाच्या विद्यापीठांची कल्पना देशोदेशी पसरली. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा भरली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन त्या शाळेत आल्या. तो गुलाबी गणवेश मला फार शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांनी एकसारखं दिसायचं, म्हणजे कोणाला लाजायचं कारण उरत नाही. पुस्तक पेपरात लपवावं लागत नाही.

आपल्या घरोघरी असे लपलेले विद्यार्थी आहेत. कोणाला फोनवर मराठीत टाइप करायचं असतं, कोणाला बँकेचा फॉर्म स्वतः भरायचा असतो, कोणाला पेटी वाजवायची असते, कोणाला नातीच्या इंग्रजी पुस्तकात काय लिहिलंय ते कळायला हवं असतं. ते विचारत नाहीत, कारण विचारलं की आपण हसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, राहू दे, मी करून देते, असं म्हणून त्यांच्या हातातून फोन काढून घेतो. मदत म्हणून केलेली ही गोष्ट त्यांच्या शिकण्याचं दार लावून टाकते.

म्हणून मंडळाच्या सभासदांना माझं एक सुचवणं आहे. यंदा दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत घरी गेलात की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, तुम्हाला काय शिकायचं राहून गेलं. उत्तर लगेच येणार नाही. दोन-तीनदा विचारावं लागेल. मग रोज अर्धा तास द्या, आणि त्यांच्या हातातून वस्तू काढून न घेता शेजारी बसा. चुकू द्या. खोडू द्या. सेहेचाळिशीच्या पंडितेला इब्रीचं पहिलं अक्षर गिरवताना कमीपणा वाटला नाही, तर आपल्या आजी-आजोबांनाही वाटायचं कारण नाही. फक्त ते आपल्या वागण्यातून त्यांना कळलं पाहिजे.